हौसाक्काला पाठ असलेलं भाषण

सरकारी नोकराने प्रचारसभेच्या आसपासही फिरकू नये, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण त्यामुळे होतं काय, की मतदानाच्या दिवशी साऱ्या गावाच्या बोटांना शाई लावणाऱ्या आम्हा शिक्षकांना उमेदवार काय बोलला ते सगळ्यात शेवटी कळतं. मला मात्र ते सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि एकदोनदा तर नको तितकं आधी कळलं. त्याला कारण हौसाक्का.

मी कोल्हापूरची, राजारामपुरीत वाढलेली. बदली झाली ती अशा ठिकाणी, की मलकापूरला उतरून दुसरी एसटी धरायची आणि ती जिथून परत फिरते तिथं उतरायचं. शाळा ओढ्याच्या अलीकडे, वाडी पलीकडे. मधे साकव म्हणून तीन ओंडके टाकलेले. पोरं त्यावरून दप्तर नाचवत यायची. मी पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन, ओंडक्यावर चक्क बसून, सरकत सरकत पलीकडे गेले. पोरं फिदीफिदी हसत होती. पलीकडच्या पहिल्याच घराच्या अंगणात एक बारकी म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती बोलत होती.

"मी तुमच्यापुढं पुढारी म्हणून उभा न्हाय. तुमच्या घरातला पोरगा म्हणून उभा हाय. आणि पोरगा आईला फसवत नसतो."

एवढं बोलून ती थांबली. हात शेंगा फोडतच होते. बराच वेळ झाला तरी पुढचं वाक्य येईना, तेव्हा मला वाटलं, विसरली असेल. मी विचारायला तोंड उघडलं तर शेजारी बसलेल्या बाईने माझा हात दाबला आणि हळूच सांगितलं, "टाळ्या पडायल्यात." टाळ्या पडून झाल्यावर हौसाक्का पुढे बोलू लागली.

ते मागच्या निवडणुकीतलं भाषण होतं. तीन-चार वर्षांपूर्वीचं, अथपासून इतिपर्यंत. हौसाक्काला अक्षराची ओळख नव्हती, पण ऐकलेलं भाषण तिच्यातून जात नसे. आवाज तिचाच, चिरका आणि सपाट. नक्कल बिक्कल अजिबात नाही. पण थांबे त्या माणसाचे, घसा खाकरणं त्याचं, माईकवर मारलेली टिचकीसुद्धा ती शेंग फोडून बरोबर त्याच जागी वाजवायची. टाळ्या जितका वेळ पडल्या असतील तितका वेळ ती गप्प बसायची, आणि त्या गप्प बसण्यात आपल्यालाच काहीतरी ऐकू येतंय असं वाटून मानेवर काटा यायचा. मी विज्ञान शिकवते. मला मानेवर काटा आलेला आवडत नाही.

त्याच भाषणात एका जागी ती खोकायची. दोनदा, कोरडं, आणि तिसऱ्यांदा तोंडावर हात धरल्यासारखं. ते खोकणं भाषण करणाऱ्या साहेबांचं नव्हतं. सभेत मागे बसलेल्या शिरपाचं होतं. शिरपा दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको कधीमधी येऊन हौसाक्काला म्हणायची, आक्का, ते भाषण सांग की. मग कोपऱ्यात बसून ती तो खोकला येईपर्यंत ऐकायची आणि पदराने तोंड पुसून उठून जायची. पुढच्या आश्वासनांशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

हौसाक्काचा नवरा कधीच गेलेला. मुलगा शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत कामाला, तिकडेच संसार. ही एकटी. सभांचं तिला वेड म्हणावं तर वेडही नव्हतं, तो तिचा नेम होता. माणसं न्यायला टेंपो आला की पहिली ही चढायची, आणि टेंपोवर झेंडा कुठल्या रंगाचा हे बघायचीसुद्धा नाही. सभेत मात्र ती पुढे बसत नसे. व्यासपीठाच्या अगदी बगलेला, जिथं बाकी कुणी बसत नाही, तिथं जाऊन बसायची. कारण पुढून टेबलावर कापड सोडलेलं असतं आणि त्यामुळे बोलणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. हौसाक्काला पाय बघायचे असत.

"तोंडाला हसायची सवय असती, बाई," ती मला सांगायची. "हाताला हलायची असती. पायाला कायबी शिकवलेलं नसतंय."

टाच उचललेली असेल तर माणूस पळायच्या तयारीत. एका पायाने दुसरा पाय खाजवत असेल तर ज्या गावाचं नाव घेतोय ते त्याने बघितलेलं नाही. बुटातल्या बुटात बोटं आवळत असेल तर समोरच्या माणसांना भितोय. आणि दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकलेले असतील तर खरं बोलतोय. कोल्हापूरला एकदा मोठ्या पुढाऱ्याची सभा झाली. मैदान तुडुंब, लोक झाडांवर चढलेले, पोरांचे गळे शिट्ट्या मारून बसलेले. वाडीचा टेंपो परत आला तो बेभान होऊनच. सगळे हौसाक्काकडे बघू लागले, तर ही म्हणाली, "चांगलं बोलला की. पर एक पाय गाडीतच हुता त्येचा." झालं. वाडीने त्या पक्षाला हिंग लावून विचारलं नाही.

ती कुणाला मत द्या, असं मात्र कधी सांगायची नाही. मतदानाच्या आधल्या दिवशी तिच्या अंगणात माणसं जमायची. ती आधी त्या उमेदवाराचं मागचं भाषण सांगायची, मग आताचं, मग पायांचं. आणि वर, "ठरवा तुमचं तुमी." मी शाळेत मुलांना लोकशाहीचा धडा शिकवायची आणि मनात म्हणायची, हा धडा पलीकडच्या अंगणात जास्त बरा शिकवतात.

आता जे सांगायचं ते सांगताना मला अजूनही कानकोंडं होतं. माझ्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, निवडणुकीची हवा सुरू झाली होती. हौसाक्का एक भाषण सांगत होती. मधेच "माता-भगिनींनो" म्हणून ती थांबली, आणि मग तीनदा म्हणाली, "ऐकू येतंय का मागं?" मी विचारलं, हे कुठल्या सभेतलं? ती म्हणाली, "अजून झाली न्हाय." मी हसले. आठ दिवसांनी शेजारच्या गावात सभा झाली. दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात सांगू लागली, बाई, माईकच बंद पडला, "माता-भगिनींनो"लाच, आणि तो तीनदा म्हणाला, ऐकू येतंय का मागं. मी पोरांना सांगितलं, माईक सगळ्यांचेच बंद पडतात आणि भाषणं सगळ्यांची सारखीच असतात. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी त्या दिवशी मी साकवावरून पलीकडे गेले नाही.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, ती स्वतः शाळेत आली. पोरं खिचडी खायला बसली होती. ती व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "बाई, एक भाषण यायलंय. तुमी शिकलेल्या. कुणाचं हाय तेवढं सांगा." आणि बोलू लागली.

"आज बोलायला उभा राहिलोय खरा, पण शब्द फुटत नाहीत. ह्या ओढ्यानं आपलं एक माणूस नेलं." इथं तिचा हात वर गेला, नाकावरून काहीतरी काढून तिने ते पदराला पुसलं आणि पुन्हा नाकावर ठेवलं. हौसाक्काला चष्मा नव्हता. "ज्या घरावर हा प्रसंग आला त्या घराच्या दुःखात मी सहभागी आहे. कैलासवासी..."

ती थांबली. मी वाट बघितली. समोर पोरं ताटं घासत होती, नळाचा आवाज येत होता. मग ती पुढचं बोलली, शब्द देतो, पुढच्या पावसाळ्याच्या आत इथं पूल उभा राहील, वगैरे.

"नाव येत न्हाय," ती म्हणाली. "नावापाशी आलं की कान बंद हुत्यात. माणूस म्हणतोय. बाई का बापय, बारकं का मोठं, कायबी कळंना."

मी म्हणाले, आक्का, हे कुठल्यातरी गावच्या शोकसभेत ऐकलं असेल. "ऐकलेलं आन् येणारं, मला कळतंय की," ती म्हणाली. मग तिने ताटं घासणाऱ्या पोरांकडे बघितलं. एकेकाचा चेहरा बघितला. एकूण सतरा पोरं होती, आणि ती सगळी पलीकडची होती. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती भीती भुताखेताची नव्हती. त्या ओंडक्यांवरून चाललेली पोरं मी रोज बघत होते, दोन वर्षं बघत होते, आणि मला तोपर्यंत भीती वाटलेली नव्हती.

निवडणूक लागली आणि साहेब वाडीत आले. वाडीत त्यांना नुसतं साहेबच म्हणत, मीही तेवढंच म्हणते. देवळापुढे माईक लागला होता. ओढा ओलांडून आवाज शाळेपर्यंत येत होता, त्यामुळे नियम न मोडता मलाही ऐकू येत होतं. त्यांनी सुरुवात केली आणि मधेच आवाज थांबला. पोरांनी नंतर सांगितलं ते असं. हौसाक्का बगलेवरून उठली, पुढे आली, आणि साहेबांचंच पाच वर्षांपूर्वीचं भाषण त्यांना म्हणून दाखवू लागली. पोरगा आईला फसवत नसतो, इथपर्यंत आली आणि टाळ्यांसाठी थांबली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मग तिने पुढचं वाक्य म्हटलं, की ह्या ओढ्यावर दोन वर्षांत पूल बांधतो. कार्यकर्ते तिला ओढायला आले तेव्हा साहेबांनी हात करून त्यांना थांबवलं.

माणूस वाईट नव्हता. तो व्यासपीठावरून उतरून तिच्या अंगणात गेला, पायरीवर बसला. तिने त्याला ते दुसरं भाषण सांगितलं, नाव नसलेलं. पोरं म्हणतात, तेव्हा साहेबांचा रंग उडाला. त्यांनी बूट काढले, अनवाणी देवळात गेले आणि देवापुढचा भंडारा उचलला. आमच्याकडे भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. हळदीची मूठ हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची छाती कुणाची नसते. साहेब म्हणाले, "पुढच्या पावसाच्या आत पूल. न्हाय झाला तर ह्या वाडीत तोंड दाखवणार न्हाय."

हौसाक्का उंबऱ्यापाशी बसून पाय बघत होती. पाय अनवाणी होते, त्यामुळे बुटाची फसवाफसवीही नव्हती. रात्रीचं जेवण उरकायच्या आत वाडीभर झालं, दोन्ही पाय सपाट हुते. आणि त्या एका वेळेला, फक्त त्या एका वेळेला, तिने आपला नेम मोडला. अंगणात जमलेल्या माणसांना सांगितलं, ह्याला द्या.

वाडीचं एकही मत फुटलं नाही. साहेब निवडून आले. महिन्याभरात खरोखरच यंत्र आलं, ओढ्याच्या दोन्ही काठांना खड्डे खणले गेले, आणि खड्डा खणला त्या दिवसापासून हौसाक्काला ते भाषण यायचं थांबलं. ती परत शेंगा फोडायला अंगणात बसू लागली. पोरांना हाका मारून गूळ द्यायची. मी साकवावरून उभ्याने चालायला शिकले होते, तर मला म्हणाली, "आता कशाला शिकलासा, पूल तर हुतोय." दोन खांब उभे राहिले. माणसाच्या दीडपट उंचीचे. मग काम थांबलं.

का थांबलं ते कुणीच नीट सांगेना. कुणी म्हणे मंजुरी दुसऱ्या कामाला वळली, कुणी म्हणे ठेकेदार बदलणार. साहेबांना भेटायला माणसं गेली, तर ते मुंबईला होते. नंतरही मुंबईलाच होते. मी दोन अर्ज लिहिले. अर्ज लिहिण्यात आम्ही शिक्षक पटाईत असतो.

जून उजाडला आणि एके सकाळी मी वर्ग घेत असताना हौसाक्का खिडकीशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. गजांना धरून एवढंच म्हणाली, "परत यायलंय."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्यावर चिडले. आता लाज वाटते, पण चिडले. म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणून सगळ्यांनी त्याला मत दिलं, तुमचं पाय बघणं फुकट गेलं, तो खोटारडा निघाला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खोटं न्हाय बोलला त्यो. भंडारा उचलला तवा खरंच हुता. मी बघितलं की. पर बाई, बोलताना खरं असणं येगळं. गाडीत बसल्यावर ते खरं संगं जातंय का न्हाय, ते मी कधी बघितलंच न्हाय. मी सभेतनं उठून घरला यायचो." आणि मग, "चुकलं माझं. माझ्या शब्दावर दिलंय सगळ्यांनी."

दुसऱ्या दिवसापासून ती ओढ्यावर बसू लागली. कुठल्याशा सभेत राहून गेलेली एक प्लास्टिकची खुर्ची वाडीत होती, ती तिने काठावर नेऊन ठेवली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात काठी. सकाळी पोरं आली की पाणी बघायची. पाणी काठीच्या खुणेच्या वर असेल तर पोरांना घरी पिटाळायची, मग मी अलीकडून हजेरीपट घेऊन कितीही हातवारे करो. कमी असेल तर स्वतः ओंडक्यावर मधोमध जाऊन उभी राहायची आणि एकेकाला हाताला धरून अलीकडे द्यायची. संध्याकाळी परत तेच. तोंडाने ते भाषण चालूच असायचं. पोरांनाही ते पाठ झालं होतं. कैलासवासी, एवढं म्हणून पोरंही थांबायची आणि खेळ असल्यासारखी एकमेकांकडे बघायची. मी त्यांना रागावले, पण शाळेत भिंतीआडून कुणीतरी ते पुटपुटताना ऐकू आलं की माझ्या हातातला खडू थांबायचा.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी तालुक्याला बैठकीला गेले होते. दुपारी वर डोंगरात जोराचा पाऊस झाला, खाली ऊन होतं. दुसऱ्या गुरुजींनी नेहमीच्या वेळेला शाळा सोडली. हौसाक्का ओंडक्यावर उभी राहून पोरं पलीकडे देत होती. सोळा गेली. पाणी एकाएकी वाढलं. सतरावी पोरगी काठाला लागली आणि ओंडका फिरला. पोरांनी सांगितलेलं एवढंच आहे, आणि याहून जास्त मी त्यांना कधी विचारलं नाही. हौसाक्का खाली मैलभरावर सापडली.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली, कारण वाडीत जायला आता साकवही नव्हता. वाडीची माणसं पाणी उतरल्यावर पोरांना खांद्यावर घेऊन ओढ्यातून अलीकडे आली. खुर्च्या मलाच मांडायला लागल्या. साहेब आले होते. वाडीत तोंड दाखवणार नाही म्हणाले होते, तो शब्द त्यांनी पाळला, ओढा ओलांडला नाही. मी वर्गाच्या दाराशी उभी होते. त्यांनी सुरुवात केली, आज बोलायला उभा राहिलोय खरा, आणि पटांगणात बसलेल्या सतरा पोरांनी एकदम माना वर केल्या. साहेबांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, परत घातला. कैलासवासी, ते म्हणाले, आणि या वेळी कुणी थांबलं नाही. कैलासवासी हौसाबाई. ते दार व्यासपीठाच्या बगलेलाच होतं. साहेबांचे पाय मला दिसत होते. दोन्ही सपाट टेकलेले होते.

शब्द देतो, ते म्हणाले, पुढच्या पावसाळ्याच्या आत. मी आत जाऊन फळा पुसत बसले. पुसलेलाच फळा परत परत पुसला.

पण हौसाक्का मला आठवते ती त्या गुरुवारच्या आधीच्या मंगळवारची. पाऊस थांबला होता. शाळा सुटली होती, पोरं पलीकडे गेली होती, आणि ती परत अलीकडे येऊन खुर्चीवर बसली होती. पाय ओल्या मातीत होते. मी स्टॉपकडे निघाले होते, तर तिने काठीने खूण करून बोलावलं. तोंडात तमाखू होती, ती थुंकली. किती दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेलेली मी बघत होते.

"आलं, बाई," ती म्हणाली. "नाव आलं ऐकू. आज सकाळी."

मी विचारलं, कुणाचं?

"पोरांतलं कुणाचं न्हाय." ती हसली. कुणीतरी मोठं ओझं उतरवून घेतल्यासारखी खुर्चीत मागे टेकली आणि ओढ्याकडे बघू लागली. मी परत विचारलं. ती म्हणाली, "जावा आता. गाडी चुकंल तुमची."

गाडी खरंच आली होती. मी धावत जाऊन ती पकडली.